सनद हाती, पण काम नाही!

गेल्या पंधरवड्यात डोंगरी गावची एक मुलगी आपल्या वडिलांस घेऊन आमच्या कचेरीत आली. भाईंदर स्थानकावरून पश्चिमेस निघून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकली, की उत्तनच्या अलीकडे डोंगरी लागते. गाव जुने, वस्ती बहुतेक शेतकऱ्यांची व कोळ्यांची, आणि त्यांतही ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ. मुलीचे वडील उत्तनच्या बंदरावरील एका मचव्यावर काम करणारे. मुलगी बारावीनंतर तीन वर्षांचा परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून उत्तीर्ण झालेली, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची रीतसर नोंदणीही झालेली. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाईल होती. ती तिने आमच्या मेजावर ठेविली. पण तिच्यावरचा हात मात्र शेवटपर्यंत काढला नाही.

तिची हकीकत थोडक्यात अशी. नोंदणी झाल्यापासून सात महिने ती काम शोधीत आहे. एका मोठ्या रुग्णालयात तिला सांगण्यात आले, की दोन वर्षांचा अनुभव असल्यावाचून अर्ज घेतला जात नाही. दुसरीकडे म्हणाले, तीन महिने बिनपगारी काम करा, मग अनुभवाचा दाखला देऊ. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे वीस-बावीस खाटांच्या एका खाजगी दवाखान्यात, महिना आठ हजार रुपये कबूल केले. परंतु अट अशी, की दोन वर्षे नोकरी सोडावयाची नाही, सोडल्यास पन्नास हजार रुपये भरावयाचे, आणि तोपर्यंत सर्व मूळ प्रमाणपत्रे दवाखान्याच्या कपाटात राहावयाची. सोमवारी उत्तर द्यावयाचे होते. वडिलांनी आम्हांस एकच प्रश्न केला, "वकीलसाहेब, पोरीच्या शिक्षणासाठी घरातलं सोनं ठेवलं. आता तिचे कागदही ठेवायचे म्हणतात. त्यांना तसा हक्क आहे काय?"

प्रश्न एका बापाचा असला, तरी तो एकाच घरापुरता नाही. असे उंबरठे झिजविणाऱ्या मुली ठाण्यात आहेत, नाशकात आहेत, सोलापुरात आहेत. आणि आता या व्यवसायात शिरलेल्या मुलांचीही अवस्था तीच आहे. म्हणून आज या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वाचकांनी यातील विसंगती नीट ध्यानात घ्यावी. एखाद्या जिन्नसाचा बाजारात सुकाळ झाला, तर त्याचा भाव पडतो, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको. पण परिचारिकांचा या देशात सुकाळ झाला आहे काय? स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा हिंदुस्थानात सुमारे ४३,००० माणसांमागे एक परिचारिका होती. पुढल्याच वर्षी, १९४७ साली, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्यानंतर पाऊणशे वर्षांत पुष्कळ प्रगती झाली, हे कबूल केले पाहिजे. केंद्र सरकारने संसदेपुढे ठेवलेल्या आकड्यांप्रमाणे नोंदणीकृत परिचारिका व त्यांच्या साहाय्यकांची संख्या ३३ लाखांच्या वर गेली आहे; म्हणजे हजार माणसांमागे सुमारे दोन. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने सांगितले जाणारे प्रमाण हजारी तीन आहे. शिवाय यांपैकी कितीएक परदेशी गेल्या, कितीएक निवृत्त झाल्या, कितीएकींनी संसारासाठी काम सोडले. पटावरचे नाव मात्र कायम. तेव्हा सुकाळ नाही, तुटवडाच आहे.

हा तुटवडा किती खरा आहे, हे करोनाच्या साथीने उघडे पाडले. मे २०२० मध्ये मुंबईतील रुग्णांची व्यवस्था लागेना, तेव्हा महाराष्ट्राने केरळास पत्र लिहून ५० डॉक्टर व १०० परिचारिका मागितल्या. साथीच्या दिवसांत परिचारिकांवर फुले उधळली गेली, टाळ्या वाजविल्या गेल्या, थाळ्याही वाजल्या. त्याच समाजात आज सनद घेतलेली मुलगी सात महिने दारोदार फिरते, ही गोष्ट कोणत्या शास्त्रात बसते? रुग्णालय म्हणते परिचारिका मिळत नाही. परिचारिका म्हणते रुग्णालय मिळत नाही. दोघेही खरे बोलत असतील, तर खोटे कोठेतरी मध्येच आहे. आणि ते शोधून काढणे हे आमचे काम आहे.

पहिला अडसर अनुभवाचा. दोन वर्षे काम केल्यावाचून काम नाही, आणि काम मिळाल्यावाचून दोन वर्षे भरावयाची नाहीत! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण आमच्या पूर्वजांनी बहुधा अशाच प्रसंगासाठी करून ठेविली असावी. तर्कशास्त्रात यास अन्योन्याश्रय दोष म्हणतात. तर्कशास्त्रात तो दोष असला, तरी काही रुग्णालयांच्या कारभारात मात्र त्याला नियमाचा मान मिळाला आहे. वस्तुतः ही मुलगी कोरी पाटी नाही. परिचर्येचा अभ्यासक्रम केवळ पुस्तकी नसतो. शिकत असतानाच विद्यार्थिनींस वॉर्डात, प्रसूतिगृहात, शस्त्रक्रियागृहात उभे राहावे लागते; रात्रपाळ्या कराव्या लागतात; आणि अखेरच्या वर्षी अंतर्वासितेचे महिने वेगळे काढावे लागतात. त्या वेळी तिच्या हातून रुग्णाची सेवा घेतलेली चालते. तिला पगार द्यावयाची वेळ आली, की मात्र ती अननुभवी ठरते!

या ठिकाणी आम्हांस आमच्याच धंद्याचे स्मरण होते. वकिलीची सनद हाती पडली, त्या दिवशी आम्हांसही काही येत नव्हते. कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहून पक्षकाराची वाट पाहण्यात पहिले वर्ष गेले. परंतु एका वडीलधाऱ्या वकिलांनी आम्हांस आपल्या चेंबरात बसू दिले, कैफियतीचे मसुदे दहा वेळा खोडून लिहावयास लावले, आणि तारखांना पाठवून जे थोडेबहुत दिले ते हातात दिले. यालाच जुन्या भाषेत उमेदवारी म्हणत. व्यापारातही तेच. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात नवा पोऱ्या आला, तर त्यास पहिल्याच दिवशी कोणी पॉलिशच्या यंत्रावर उभे करीत नाही. परंतु त्यास हाकलूनही देत नाही. पेढीवर नवा गुमास्ता आला, की जुना मुनीम त्यास खतावणी शिकवितो. ज्यास माणसे हवी आहेत, त्याने ती घडविली पाहिजेत, हा सर्व धंद्यांचा सनातन नियम आहे. एकट्या रुग्णालयांनीच तयार माणूस दुसऱ्याने घडवून द्यावा असे म्हणावे, आणि दुसऱ्यानेही तेच म्हणावे, तर तो तयार माणूस येणार कोठून? आडातच नाही, ते पोहऱ्यात कसे येईल?

दुसरा अडसर याहून नाजूक आहे, आणि तो उघड बोलण्याचे पुष्कळजण टाळतात. अनेक लहान दवाखान्यांत पांढरा पोशाख घालून जी मुलगी सलाईन लावते, इंजेक्शन देते, ती नोंदणीकृत परिचारिका नसते. कोणी सहा महिन्यांचा एखादा खाजगी वर्ग केलेली असते, कोणी तेवढेही नसते. रुग्णाचे नातेवाईक तिला सिस्टर म्हणतात, आणि बिलात परिचर्येची रक्कम पुरेपूर लागलेली असते. त्या गरीब मुलींस आम्ही दोष देत नाही; त्याही पोटासाठीच राबतात. दोष आहे तो पाच-सहा हजारांत काम भागते म्हणून सनदी परिचारिकेस दारातून परत पाठविणाऱ्याचा. रुग्णास औषधाची मात्रा चुकली, रक्ताची पिशवी अदलाबदल झाली, तर त्याची किंमत कोण मोजणार?

याविषयी कायदा मुका आहे असे कोणी समजू नये. आमच्या राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालापासून आहे. शुश्रूषागृहात काम करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल, तर नोंदणी नाकारता येते, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, आणि साधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. महापालिकेच्या हद्दीत या कायद्याची अंमलबजावणी महापालिकेकडे असते. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीतच ८ लाख ९ हजारांवर गेली होती. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. इमारती वाढल्या, दवाखाने वाढले, पाट्या वाढल्या. कायद्याने सांगितलेले प्रमाण प्रत्येक ठिकाणी तपासले गेले, तर डोंगरीच्या मुलीस नोकरीसाठी फिरावे लागणार नाही. नोकरीच तिच्या दारी चालत येईल.

तिसरा अडसर वेतनाचा आणि करारपत्राचा. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या हलाखीविषयी त्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमून उपाय सुचविण्यास सांगितले. त्या समितीच्या शिफारशी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवाव्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे. १०० ते २०० खाटा असल्यास त्याहून फार तर शेकडा १० कमी. ५० ते १०० असल्यास फार तर शेकडा २५ कमी. आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणीही महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, आणि ती अंमलात आणणे राज्यांवर सोपविले गेले, हे खरे. परंतु देशातील सर्वोच्च न्यायासनाच्या सांगण्यावरून झालेल्या समितीने जे किमान ठरविले, त्याच्या निम्म्याहूनही कमी रक्कम सनदी परिचारिकेस देऊ करताना मालकास काहीतरी संकोच वाटावयास हवा होता. महिना आठ हजार म्हणजे दिवसाचे पावणेतीनशे रुपयेही नव्हेत. त्यात डोंगरीहून जाण्यायेण्याचे भाडे वजा केले, तर हातात काय राहते, याचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांनीच करावा.

आता बापाच्या प्रश्नाचे उत्तर. प्रमाणपत्र हे ज्याने परीक्षा दिली त्याच्या मालकीचे आहे. नोकरी देणाऱ्याने ते पाहावे, ताडून घ्यावे, त्याची नक्कल ठेवावी. यास कोणाची हरकत नाही. परंतु मूळ कागद कपाटात कोंडून ठेवणे म्हणजे ते गहाण ठेवून घेणेच होय. सावकार गहाण मागतो, तो निदान कर्ज दिल्यावर मागतो; येथे तर काहीच न देता गहाण! मुदतीच्या अटीविषयी मात्र कायदा तितका एकतर्फी नाही, आणि वाचकांची दिशाभूल करणे आम्हांस शोभणार नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने कोणासही आपला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरतो. तथापि नोकरी चालू असताना किमान मुदत पाळण्याची अट स्वतःहून निषिद्ध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात म्हटले आहे. पण त्याच कायद्याचे ७४ वे कलमही आहे. करारात भरपाईचा आकडा कितीही मोठा लिहिला, तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. लिहिलेला आकडा ही केवळ कमाल मर्यादा. ज्या दवाखान्याने मुलीस शिकविण्यासाठी एक रुपया खर्च केला नाही, तो पन्नास हजारांचे नुकसान कोणत्या वहीवरून सिद्ध करणार?

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. एकतर्फी हुकूमनामा देण्याची आमची सवय नाही. ते म्हणतात, नवी मुलगी वर्षभर आमच्याकडे शिकते, हात बसला की आखातात किंवा विलायतेस निघून जाते. आमचा रुग्ण आणि आमचा वेळ दोन्ही वाया जातात. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परदेशच्या नोकऱ्यांसही बहुधा दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि म्हणूनच येथील पहिली नोकरी म्हणजे कित्येकींस पुढच्या प्रवासाची धर्मशाळा वाटते. पण ती धर्मशाळा का वाटते? घर वाटावे असे तेथे काय ठेविले आहे? ज्या ठिकाणी पगार पुरेसा, रात्रपाळीनंतर विश्रांती, डॉक्टरांच्या तोंडी चार मानाचे शब्द आणि बढतीची वाट आहे, तेथून माणसे तितकी पळत नाहीत. गाय बांधून ठेवावयाची, पण वैरण घालावयाची नाही, आणि दावे तोडले म्हणून तिलाच बोल लावावयाचा, हा न्याय नव्हे. दुसरे म्हणणे असे, की नवख्या हाती रुग्णाचा जीव कसा द्यावा? हे म्हणणे अगदी रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर नवख्यास बाहेर ठेवणे हे नसून त्याच्या शेजारी जाणता उभा करणे हे आहे.

सरकारही यातून सुटत नाही. सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत जागा रिकाम्या राहतात, भरतीच्या जाहिराती वर्षानुवर्षे लांबतात, आणि निघाली भरती तर पुष्कळदा कंत्राटी. करोनाच्या काळात तात्पुरत्या नेमलेल्या कितीएक परिचारिकांस साथ ओसरताच घरी पाठविण्यात आले. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संमत केला, हे स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याने शिक्षणाचा दर्जा सुधारेल. शिकलेल्या हातास काम देण्याची इच्छा मात्र कायद्याच्या पुस्तकात छापून येत नसते.

परिचर्येस आपल्या समाजाने सहजासहजी मान दिलेला नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने १० मार्च रोजी निवर्तल्या. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यास सेवासदन काढून स्त्रियांस परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाचा मार्ग दाखविला, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणारी बाई म्हणून नाके मुरडणारे सोवळे लोक काही थोडे नव्हते. ख्रिस्ती भगिनींनी तर त्याही आधीपासून हे काम पत्करले होते. त्या काळी मुलीस घराबाहेर काढणे हीच सुधारणा होती. आज कोळ्याची, शेतकऱ्याची मुलगी आपणहून बाहेर पडली, बापाने सोने गहाण टाकून तिला शिकविले, आणि दार बंद आढळले ते घराचे नव्हे, रुग्णालयाचे! सुधारकांनी आता हा दुसरा उंबरठा ओलांडण्याची तयारी केली पाहिजे.

मग करावयाचे काय? आमच्या सूचना चार आहेत. पहिली, पन्नासांहून अधिक खाटांच्या प्रत्येक रुग्णालयाने दरवर्षी काही नव्या परिचारिका सहा महिन्यांच्या सपगार उमेदवारीवर, अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली घ्याव्या, आणि मुदतीअखेर दाखला देणे आपल्यावर बंधनकारक मानावे. दुसरी, महापालिकेने नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक शुश्रूषागृहाकडून परिचारिकांची नावे व नोंदणी क्रमांक मागून घ्यावे, आणि किती खाटांमागे किती सनदी परिचारिका आहेत, याचा फलक दर्शनी भागी लावावयास सांगावे. यास नवा कायदा लागत नाही, केवळ इच्छा लागते. तिसरी सूचना व्यापाऱ्यांस. रुग्णालयांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्यांत तुमची नावे आहेत. तुमच्या देणग्यांवर वॉर्ड उभे राहतात. पुढली देणगी देताना एक अट घाला, की या वॉर्डात काम करणारी प्रत्येक परिचारिका नोंदणीकृत असेल आणि तिला समितीने सांगितलेल्या किमानाहून कमी वेतन मिळणार नाही. यंत्रास दिलेले दान दहा वर्षांत गंजते. माणसास उभे करणारे दान पिढ्यांस पुरते. चौथी सूचना सर्व नागरिकांस. आपला माणूस रुग्णालयात ठेवताना खोलीस वातानुकूलन आहे काय, हे आपण आवर्जून विचारतो. रात्री त्याच्या उशाशी कोण असणार आणि तिची नोंदणी झाली आहे काय, हेही विचारावे.

आणि नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींस आमचे सांगणे एवढेच, की मूळ कागद कोणाच्याही हाती सोपवू नका. नेमणुकीचे पत्र लेखी घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि कामाचा प्रत्येक महिना कोठेतरी नोंदलेला राहील अशी तजवीज ठेवा.

डोंगरीच्या मुलीस आम्ही हेच सांगितले. सोमवारी तिने त्या दवाखान्यास कळविले, की काम करीन, मुदतही पाळीन, पण कागद ठेवणार नाही. त्यांनी तिला नकार दिला. परवा तिच्या वडिलांचा निरोप आला, की फाईल घरात आहे आणि मुलगीही घरातच आहे. आम्ही दिलेला सल्ला कायद्याने बरोबर होता, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु बरोबर सल्ल्याने चूल पेटत नाही, हेही आम्ही जाणतो. कायदा तिचे कागद तिच्याकडे ठेवू शकतो. तिला काम देणे हे तुमच्या-आमच्या हाती आहे. या शहरातील एखाद्या रुग्णालयाच्या चालकाने हा लेख वाचून तिच्यासारख्या एकीस तरी उमेदवारीवर बोलाविले, तर आमची शाई सार्थकी लागली असे आम्ही समजू. न बोलाविल्यास, मध्यरात्री आपल्याच घरचे माणूस खाटेवर असता घंटा वाजवूनही कोणी आले नाही, तर त्या वेळी त्यांनी डोंगरीच्या घरात बसलेल्या त्या मुलीची आठवण करावी.